सोलापूरचा हापसा, युगांडात

परदेशातल्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून जाण्यापेक्षा विमानाच्या तिकिटाचे पैसे सरळ तिकडच्या गावाला पाठवावेत, असं काही जण म्हणतात. हा मुद्दा मला निम्मा पटतो. युगांडातल्या सोरोटी शहराजवळच्या खेड्यात आम्ही नवराबायको असेच चार महिने होतो (तिथे आतेसो भाषेत 'योगा' म्हणजे नमस्कार, पहिले दोन दिवस आम्ही भलतंच समजलो). शाळेत बायकोने गणित शिकवलं. खरं सांगायचं तर तिथल्या बाई तिच्यापेक्षा बरं शिकवत होत्या. तेवढ्यासाठी जायची गरज नव्हती.

पण नुसते पैसे पाठवून काय होतं तेही बघितलं. गावात दोन हापसे, त्यातला एक कुणाच्या तरी देणगीतून बसलेला आणि बंद. तिथे याला 'यू-टू' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा इंडिया मार्क टू हा हातपंप. त्याचं मूळ सोलापुरात बनलेल्या 'सोलापूर पंप' या हापशात. मी सोलापूरचा, त्यामुळे हँडल बघूनच ऊर भरून आला! बिघाड म्हणाल तर खाली सिलिंडरमधलं वॉशर झिजलेलं. वस्तू किरकोळ, पण ती बदलायला लोखंडी पाइपांची सगळी माळ वर ओढावी लागते. त्याला तिकाटणं, पाने, मेकॅनिक आणि सात-आठ माणसं लागतात. याच हापशाच्या पुढच्या प्रकारात, मार्क थ्रीमध्ये, पाइप न काढता दट्ट्या वर घेता येतो, पण तो महाग. शेवटी पाणी समितीने घरटी वर्गणी काढली आणि मेकॅनिक बोलावला. आम्ही फक्त पाइप ओढायला हात लावला आणि वर्गणीची वही आखून दिली. पैसे पाठवणाऱ्यांनी हापशाबरोबर दुरुस्तीचं कोण बघणार, एवढं आधी विचारावं.