काठमांडूचा रोल स्वस्त? आधी डबा तर नीट वाचा!

रोलमास्तर_जालना
पैठणकरांनी परवा डब्याचा फोटो टाकून लिहिलं की काठमांडूच्या न्यू रोडवर कोडॅक गोल्ड 200 हा कॅमेऱ्याचा रंगीत रोल त्यांना 1,520 नेपाळी, म्हणजे आपल्या 950 रुपयांत मिळाला. इकडे ऑनलाइन त्यालाच 1,300 आणि वर कुरिअरचे पैसे मोजावे लागतात. एवढ्याशा नेपाळला जमतं ते आपल्याला का जमत नाही, आपले विक्रेते म्हणजे दिवसाढवळ्या दरोडेखोर, वगैरे. खाली "अगदी बरोबर", "लुटायलेत नुसते" अशी रांग लागली. मला राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

पैठणकर, तुमचाच फोटो मोठा करून बघा. डब्यावर 24 छापलंय, म्हणजे त्यात 24 फोटो (फ्रेम) निघतात. इकडे 1,300 ला विकतात तो 36 चा. 950 ला 24 ने भागलं की फ्रेमला 39 रुपये 58 पैसे पडतात. 1,300 ला 36 ने भागलं की 36 रुपये 11 पैसे. महाग रोल घेऊन स्वस्ताईची दवंडी पिटायलाव तुम्ही!

नेपाळशी निदान हिशोब तरी जुळतो. 100 आयसीला (भारतीय रुपये) 160 एनसी (नेपाळी रुपये), हा दर 1993 पासून बांधलेला आहे. पण तुमच्या पोस्टखाली एकाने कोलंबोचा 2022 मधला भाव चिकटवलाय. त्या वर्षी मार्च ते मे या काळात तिथे डॉलर 200 रुपयांवरून 360 च्या घरात गेला. त्या दिवसांतल्या पावतीवरून कसली तुलना करणार?

मुळात भारत, नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश यांतला एकही देश रंगीत रोल बनवत नाही. गोल्ड 200 येतो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून. शेजाऱ्यांत कारखाना आहे तो चीनचा, बाओडिंगला, लकी छाप. बाकी आपण सगळे एकाच हौदावर घागरी घेऊन उभे आहोत. 2020 पासून कोडॅकने भाव चढवत नेले ते सगळ्यांनाच भोवले. त्यावर प्रत्येक देशाचं सीमाशुल्क, कर आणि वाहतूक. विक्रेत्याला शिव्या घालायच्या तर घाला, पण आधी भागाकार करा.

भटका_पैठणकर
बरं बाबा, 24 तर 24. आमचा चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण मास्तर, दुकानात उभा असलेला माणूस फ्रेमचा भागाकार करत नाही, खिशातून किती गेले ते बघतो. माझे 950 गेले. वर पशुपतिनाथाचं दर्शन झालं, ते तुमच्या 1,300 मध्ये येतंय का?

आणि 36 चा रोल मला संपतच नाही. कॅमेऱ्यात पडून राहतो. मला 24 च परवडतो. हे तुमच्या गणितात कुठं बसतंय?

उदगीरकर_काका
नेपाळचं कौतुक आम्हाला सांगू नका. आमच्या वेळी इकडे परदेशी माल मिळायची मारामार. काशीयात्रेला गेलेला प्रत्येक जण पुढे रक्सौलवरून तिकडे जायचा आणि येताना वळकटीत याशिका नाहीतर टेपरेकॉर्डर गुंडाळून आणायचा. गंगेच्या तांब्याखाली कॅमेरा! नाक्यावरचा शिपाई वळकटी दाबून बघायचा आणि घरच्या बाया "देवाचं हाय, हात लावू नका" म्हणायच्या.

रोलची मात्र आम्हाला कधी अडचण आली नाही. पूर्व जर्मनीचा ऑर्वो यायचा, त्यांच्याशी रुपयात व्यवहार चालायचा म्हणून परवडायचा. आणि आपला उटीचा इंदू होता, हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा. 1967 पासून सरकारी कारखाना. स्वतःचा कारखाना बुडू दिला आणि आता काठमांडूत भाव विचारत हिंडायलेत.

रोलमास्तर_जालना
काका, इंदूवर माझाही जीव होता, पण तो कृष्णधवल. लग्नं रंगीत झाली तेव्हा गिऱ्हाईक कोडॅक, फुजी, कोनिकाकडे गेलं. तो कारखाना शेवटी शेवटी एक्स-रे फिल्मवर तगून होता, नंतर तेही डिजिटल झालं. उटी चालू असती तरी पैठणकरांना गोल्ड स्वस्त मिळाला नसता.

वळकटीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 2016 च्या बॅगेज नियमांत इतर देशांतून येणाऱ्या भारतीयाला 50,000 रुपयांपर्यंतच्या मालाची मुभा होती. नेपाळ, भूतान, म्यानमारहून येणाऱ्याला फक्त 15,000 ची. आणि रस्त्याने आलात तर वापरातलं सामान तेवढं सुटायचं. "पुढच्या वेळी बॅग भरून आणतो" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात असू द्यावं. विमानाने आणलात तर नव्या सीटी स्कॅनरमध्ये न वापरलेला रोलसुद्धा धुरकट होतो. हातात घेऊन तपासा म्हणून विनवण्या करायची तयारी ठेवा.

अनुशेषग्रस्त_नांदेड
तुम्ही सगळे रोलच्या भावावर भांडायलाव, आणि तो धुवायचा कुठं हे कुणीच बोलेना. आमच्या गल्लीतल्या कलर लॅबच्या जागी आता मोबाईलचे कव्हर विकतात. रोल संपला की डबीत घालायचा, कुरिअर करायचा पुण्याला नाहीतर मुंबईला. जायचे पैसे, धुवायचे पैसे, स्कॅनचे पैसे, निगेटिव्ह परत पाहिजेत तर त्याचे वेगळे. पुण्यातला माणूस सायकलवर जाऊन देऊन येतो.

दांडेकर समितीने 1984 ला सिंचनाचा, रस्त्याचा, शाळांचा अनुशेष मोजला. फोटो लॅबचा मोजला का? नाही. मराठवाड्याच्या वाट्याला कायम

रोलमास्तर_जालना
आलं! मी वाटच बघत होतो, अनुशेष किती वेळात येतोय.

अनुशेषग्रस्त_नांदेड
वाक्य तरी पूर्ण करू द्या. मराठवाड्याच्या वाट्याला कायम कुरिअरचा खर्च. हसा. जालन्याहून मुंबईला वंदे भारत 2023 लाच सुरू झाली, आमच्या नांदेडपर्यंत यायला 2025 उजाडलं, तुम्हाला काय कळणार.

हायपोवाली_हिंगोली
कुरिअर कशाला पाहिजे? कृष्णधवल मी घरीच धुते, न्हाणीघरात. फिल्म धुवायची छोटी टाकी, डी-76 (चित्र उमटवणारं रसायन, म्हणजे डेव्हलपर), हायपो (चित्र पक्कं करणारं), थर्मामीटर, झालं. अडचण एकच, आपला उन्हाळा. डेव्हलपर 20 अंशांवर पाहिजे आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल असं येतं. मी घमेल्यात बर्फ टाकून त्यात बाटल्या उभ्या करते. धुवायच्या पाण्यालाही बर्फ लागतो, नाहीतर गरम-गार होऊन फिल्मवर सुरकुत्यांची जाळी पडते. नवरा म्हणतो, लोक बर्फ सरबताला आणतात.

उलट रंगीत रोल धुवायच्या सी-41 पद्धतीला 38 अंश लागतात. पुणेकर त्यासाठी हीटर विकत घेतात. आपल्याला मेमध्ये नळ सोडला की काम झालं. हा एक अनुशेष आपण भरून काढला म्हणायचा.

काळा_डबा_लातूर
ताई, तुमच्याकडे नळाला पाणी येतं हेच वाचून डोळे भरून आले. आम्ही 2016 ला मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलोय. त्या उन्हाळ्यात निगेटिव्ह धुतो म्हटलं असतं तर आईने टाकीसकट मलाच बाहेर काढलं असतं.

भावाचं म्हणाल तर गोल्डच्या मागे लागूच नका. सिनेमाचा व्हिजन3 रोल कापून डबीत भरलेला घ्या, स्वस्त पडतो. फक्त लॅबवाल्याला आधी सांगा. त्याच्या जुन्या मालाच्या पाठीवर काजळीचा थर असायचा. मी एकदा न सांगता दिला होता, त्याच्या मशिनमधलं सगळं केमिकल काळं झालं. अजून फोन उचलत नाही तो.

उदगीरकर_काका
रोल महाग हे रडगाणं आजचं नाही. म्हणून तर लग्नातले फोटोवाले रिकामे फ्लॅश मारायचे. पाहुणे ताठ उभे, बायका पदर सावरायलेत, लखकन उजेड पडतो आणि कॅमेऱ्यात रोलच नाही. निम्मा मराठवाडा असा उजेडात उभा राहून आलाय.

स्टुडिओपुत्र_परळी
काका, वडीलधारे आहात म्हणून नीट बोलतो. माझ्या वडिलांचा परळीत स्टुडिओ होता. पेंटॅक्स के1000 आणि खांद्याला बॅटरीचा फ्लॅश अडकवून पोट भरलं त्यांनी. सरसकट "फोटोवाले" म्हणू नका.

अंबडची_लेक
काका खोटं बोलत नाहीत. आईच्या लग्नात थोरली मावशी नारायणपेठी नेसून नवरा-नवरीशेजारी उभी राहिली. तिला हे उभं राहणं पुढे कितीतरी वर्षं आठवत होतं, कारण फ्लॅशने तिचे डोळे दिपले होते. अल्बम आला तर मावशी कुठेच नाही. तिने आईशी अबोला धरला. मुद्दाम वगळलं असं तिला वाटायचं.

मोठी झाल्यावर मी निगेटिव्हच्या पट्ट्या खिडकीत धरून बघितल्या. कडेला छापलेले नंबर सलग आहेत, एकही पट्टी हरवलेली नाही. मावशी नाही. म्हणजे शटर उघडलंच नव्हतं. दोन बहिणींत वितुष्ट आलं ते एका फ्रेमच्या पैशासाठी.

स्टुडिओपुत्र_परळी
आता माझंही ऐका. लग्नाला रोल किती सांगितले होते? बहुतेक लोक दोन सांगायचे. म्हणजे 72 फ्रेम. हळद, देवक, रुखवत, सीमांतपूजन, अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, सूनमुख, पाठवणी, हे सगळं त्यात. शिवाय मुलाकडच्या मामांचा वेगळा, आत्याबाईंचा वेगळा. स्टेजवर आहेराची रांग लागेपर्यंत हातात चार-पाच फ्रेम उरायच्या आणि रांगेत गावच्या गाव. प्रत्येक जण पाकीट दिलं की कॅमेऱ्याकडे तोंड करून थांबतो. नाही काढला तर रुसवा.

मग काय व्हायचं सांगू? नवरीचा बाप मागून यायचा, कानात म्हणायचा, "मास्तर, नुसता लाइट मारा." बाबा शटर दाबायचेच नाहीत, फ्लॅशच्या मागचं टेस्टचं बटण दाबायचे. तिसऱ्या रोलचे पैसे द्यायची ज्याची तयारी नव्हती, तो पाहुण्यांसमोर मात्र दिलदार. आणि बदनाम कोण? फोटोवाला.

अंबडची_लेक
म्हणजे माझ्या आजोबांनी सांगितलं असं म्हणायचंय का तुम्हाला?

स्टुडिओपुत्र_परळी
मी तसं म्हटलं नाही.

अंबडची_लेक
तसंच म्हटलंत. माझे आजोबा शाळामास्तर होते. शब्द जपून वापरा.

उदगीरकर_काका
बटणाचं मला पटत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मी कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूची गोल कळ बघत होतो. रोल असला तर तो पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना ती उलटी फिरते. तो गडी लिव्हर ओढायचा आणि कळ हालत नव्हती. आत रोलच नव्हता, विषय संपला.

स्टुडिओपुत्र_परळी
रोल ढिला बसला असेल तरी कळ लगेच फिरत नाही, आधी ढील निघते. आणि एवढं दिसत होतं तर तिथेच का बोलला नाहीत?

उदगीरकर_काका
वरपक्ष होतो आम्ही. फोटोवाला मुलीकडचा. मांडवात तमाशा करायचा का?

स्टुडिओपुत्र_परळी
बघा, म्हणजे मानपानात तुम्हीही गप्प बसलात. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीची बातमी आली तेव्हा बाबा दुकान उघडं टाकून गेले होते. होते तेवढे रोल तिथे वापरले आणि ते फोटो मागायला आलेल्या कुणाकडून पैसे घेतले नाहीत. त्या माणसाला तुम्ही फसवा ठरवायलाव.

काळा_डबा_लातूर
दादा, किल्लारी मध्ये आणू नका. आमच्या घरातली माणसं गेलीत तिथं. तुमचे वडील चांगलेच असतील. पण आहेराच्या पाकिटावरून चाललेल्या भांडणात ते नाव नको.

स्टुडिओपुत्र_परळी
…ठीक आहे. नाही आणत.

रोलमास्तर_जालना
धागा रोलच्या भावाचा होता, एवढी आठवण करून देतो.

हायपोवाली_हिंगोली
मास्तर, हा भावाचाच चाललाय. रोल परवडत नव्हता म्हणून मावशी अल्बममध्ये नाही. तुमचा 36 रुपये 11 पैशांचा हिशोब घेऊन त्या स्टेजवर उभे राहा आणि ठरवा, ही फ्रेम कुणाला द्यायची.

रोलमास्तर_जालना
असं म्हटलं की मला काही बोलताच येत नाही. पण मग पैठणकरांचं 24 चं खूळ अजूनच चूक ठरतं. त्या काळी 24 चा रोल घेऊन लग्नाला कोण गेलं असतं?

भटका_पैठणकर
मी लग्नाला गेलोच नव्हतो हो, पोखऱ्याला गेलो होतो! आणि मास्तर, तुमच्या 1,300 वर कुरिअरचे पैसे होते, ते भागाकारात धरले का? पोस्ट पुन्हा वाचा. न्यू रोडवरून मी पिशवीत टाकून आणला.

रोलमास्तर_जालना
नेपाळला जायच्या तिकिटाचे तुम्ही धरले का?

भटका_पैठणकर
तिकीट देवदर्शनाच्या खात्यात.

अंबडची_लेक
आईला फोन लावला होता. नुसता लाइट मारा असं आजोबा म्हणाले होते का, विचारलं. आई हसली आणि भाजीला फोडणी द्यायची आहे म्हणाली. मी यातून काहीही कबूल करत नाहीये. परळीकरांनी लगेच उड्या मारू नयेत.

स्टुडिओपुत्र_परळी
कोण मारायलंय उड्या. मावशींना नमस्कार सांगा.

काळा_डबा_लातूर
कामाचं बोलू का? केंटमिअरच्या कृष्णधवल फिल्मचा 100 फुटी डबा मागवतोय. त्यात 36 चे साधारण 18 रोल भरतात आणि सुट्या रोलपेक्षा बरेच स्वस्त पडतात. नेपाळपेक्षाही, मास्तरांनी भागाकार करून घ्यावा. लोडर, म्हणजे त्यातली फिल्म डब्यांत भरायचं यंत्र, माझ्याकडे आहे. रिकाम्या डब्या ज्याने त्याने आणायच्या, तोंडाची मखमल उसवलेली नको, ओरखडे पडतात.

हायपोवाली_हिंगोली
माझे चार धरा. पैसे आज पाठवते.

अनुशेषग्रस्त_नांदेड
मला दोन. पण लातूरहून नांदेडला पोचवायचे कसे?

काळा_डबा_लातूर
ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकतो, ड्रायव्हरचा नंबर देतो. आणि अनुशेष म्हणालात तर तुमचे दोन कॅन्सल.

उदगीरकर_काका
एक मलाही. भरताना मी समोर बसणार, रोल खरंच आत जातोय का ते बघायला.

काळा_डबा_लातूर
काका, लोडरमध्ये फिल्म पूर्ण अंधारात भरतात.