प्रागचा नव्हे, ब्रातिस्लाव्हाचा

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत नेतृत्वाखालचं सैन्य चेकोस्लोव्हाकियात घुसलं. त्या वेळचा, रणगाड्याच्या नळीसमोर छाती उघडी करून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो अनेकदा 'प्राग, १९६८' म्हणून दिला जातो. ही चूक फार ठिकाणी दिसते. तो फोटो ब्रातिस्लाव्हाचा (आजच्या स्लोव्हाकियाच्या राजधानीचा), विद्यापीठाच्या इमारतीसमोरचा, २१ ऑगस्ट १९६८ चा. काढला लादिस्लाव बिएलिक या स्थानिक वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने. फोटो जगभर छापून आला, पण बिएलिकचं नाव त्याखाली नव्हतं. १९८४ मध्ये तो गेला आणि श्रेय मिळालं ते १९८९ नंतर, त्याच्या निगेटिव्ह सापडल्या तेव्हा. म्हणून निदान आपण तरी नाव आणि गाव बरोबर लिहायला हवं.

त्या दिवसांतले प्रागचे गाजलेले फोटो मुख्यतः योसेफ कुडेल्का या चेक छायाचित्रकाराचे. निगेटिव्ह चोरून देशाबाहेर नेल्या गेल्या आणि १९६९ मध्ये निनावी छापल्या, 'प्रागचा छायाचित्रकार' एवढ्याच ओळखीवर. घरच्यांना त्रास होईल या भीतीने वडील जाईपर्यंत त्याने नाव उघड केलं नाही.

त्याच्या फोटोंत मला रणगाड्यांपेक्षा त्यांवर बसलेली पोरं जास्त अस्वस्थ करतात. विशीतले सैनिक, आणि खाली उभे राहून त्यांच्याशी पोटतिडकीने वाद घालणारे लोक. शाळेत सक्तीने शिकलेली रशियन तिथे कामी येत होती! लोकांनी रस्त्यांच्या पाट्याही काढून टाकल्या होत्या, सैन्याला वाट सापडू नये म्हणून. फोटो पाहताना रिकामे खांब आणि भिंतींवर रंगवलेल्या घोषणा जरूर शोधा.