मदत हवी आहे: गिटार आणि माइकसाठी चांगली केबल कोणती?

नमस्कार मंडळी. मी घरीच गिटार आणि बाबांची पेटी रेकॉर्ड करतो. स्वस्तातली गिटार केबल तीन महिन्यांत खरखरायला लागली. प्लग उघडून पाहिला तर सोल्डर सुटलेलं आणि शील्डची (बाहेरची खरखर अडवणारी) जाळी अगदी विरळ! पेटीच्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट द्यावे लागतात, तिथे ५ मीटरची बॅलन्स्ड एक्सएलआर (तीन पिनांची, बाहेरची खरखर कमी पकडणारी माइक केबल) घेणार, हे नक्की. गिटारची मात्र ३ मीटरच ठेवतो, कारण लांबीबरोबर केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) वाढतो आणि तारांच्या आवाजातली चमक जाते.

अडलंय ते इथे: कॅनारे कंपनीची वायर आणि न्यूट्रिक कंपनीचे प्लग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून स्वतः सोल्डर करावं, की तयारच घ्यावी? आणि प्लग अस्सल आहे हे दुकानात कसं ओळखता? बाबांची पेटी यंदा स्वच्छ रेकॉर्ड व्हावी अशी फार इच्छा आहे.