डीएससीत दुसऱ्या हीटिंगला पीक गायब, पुढचा स्लॉट कोणत्या मशीनचा घेऊ?

धगधग:
उष्णता साठवणाऱ्या पदार्थांवर काम करतेय, सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट आणि त्यात थोडं एक्सपांडेड ग्रॅफाइट. आमच्या ग्रुपकडे स्वतःचं मशीन नाही, सगळं सेंट्रल लॅबमध्ये नंबर लावून. डीएससीत (सॅम्पल तापवताना-थंड करताना ते किती उष्णता घेतं-सोडतं ते मोजणारं मशीन) पहिल्या हीटिंगला ५८ अंशांच्या आसपास छान पीक आला (आलेखातला वितळण्याचा उंचवटा), थंड करून परत तापवलं तर काहीच नाही, सरळ बेसलाइन (उंचवटा नसलेली रेघ). सॅम्पलचा पॅन (छोटी डबी) साधा क्रिंप केलेला, म्हणजे नुसता कडा दाबून बंद केलेला होता. थर्मल कंडक्टिव्हिटी (उष्णता किती सहज वाहते) पण मोजायचीय, तिथे त्यासाठी लेसर फ्लॅश आणि हॉट डिस्क दोन्ही मशिन्स आहेत, कशासाठी नाव लावू? आणि लॅबवाले आधी टीजीए (तापवत नेताना वजन किती घटतं ते बघणारी चाचणी) करून आणा म्हणतात, ते कशासाठी?

हिमबिंदू:
दोन शक्यता आहेत. एक म्हणजे पाणी उडालं, साधा क्रिंप केलेला पॅन वाफ धरत नाही आणि पाणी गेलं की ट्रायहायड्रेट उरतच नाही. दुसरी म्हणजे थंड करताना ते गोठलंच नाही, हा पदार्थ जबरदस्त सुपरकूल होतो (गोठायच्या तापमानाखाली जाऊनही द्रवच राहतो) आणि ५-१० मिलिग्रॅमच्या सॅम्पलमध्ये तर जास्तच, मग जे गोठलंच नाही ते परत वितळणार कसं? कूलिंगचा कर्व्ह काढून बघ, तिथे एक्झोथर्म (गोठताना उष्णता सोडल्याचा पीक) नसेल तर दुसऱ्या शक्यतेला जोर येतो. पण खरा निकाल वजनावर, रनच्या आधी आणि नंतर पॅन मायक्रोबॅलन्सवर ठेव, वजन घटलं असेल तर पाणी गेलं. पुढच्या वेळी हर्मेटिक (हवाबंद) पॅनच घे. आणि ग्रॅफाइट मिसळलेलं असल्यामुळे एका चिमटीत मीठ (म्हणजे सोडियम ॲसिटेट) किती आलं ते दरवेळी बदलणार, त्यामुळे लेटंट हीटसाठी (वितळताना शोषलेली उष्णता) तीन-चार वेगवेगळ्या जागचे सॅम्पल लाव, एका रनवर पेपर लिहू नकोस. सुपरकूलिंगचं वागणं बघायला टी-हिस्टरी पद्धत (थंड होताना तापमान वेळेनुसार कसं बदलतं ते नोंदवायची) बरी, तिला काही ग्रॅम माल लागतो आणि ती साध्या टेस्ट ट्यूबमध्येही जमते.

वाहक:
कंडक्टिव्हिटीसाठी मी हॉट डिस्क म्हणेन. लेसर फ्लॅश थेट कंडक्टिव्हिटी देत नाही, डिफ्यूझिव्हिटी (तापमानातला बदल किती वेगाने पसरतो) देतं, तिला घनता आणि सीपीने (विशिष्ट उष्णता) गुणायचं, म्हणजे सीपी चुकला की उत्तरही तेवढंच चुकलं. शिवाय दोन्ही बाजू समांतर असलेली पातळ चकती लागते आणि तुझं मीठ वितळलं की चकती गेली. हॉट डिस्कमध्ये निकेलचा सेन्सर दोन तुकड्यांच्या मधे धरायचा, तोच तापवतो आणि तोच तापमान मोजतो. फक्त एक लक्षात ठेव, ग्रॅफाइट दाबून गोळी केलीस की थर दाबाला आडवे बसतात आणि दोन दिशांना आकडे वेगळे येतात, त्यामुळे कुठल्या दिशेचा आकडा ते नक्की लिही. आणि वितळण्याच्या आसपास मोजू नकोस, तिथे हीटरची उष्णता वितळण्यातच जाते.

भट्टीवाला:
मी अशाच एका लॅबमध्ये डीएससी सांभाळतो म्हणून टीजीएचं सांगतो. डीएससीचा सेल सगळ्यांचा एकच असतो, एकाच्या सॅम्पलमधून काही उडालं आणि सेन्सरवर बसलं की पुढच्या प्रत्येकाची बेसलाइन वाकडी. सगळ्यात जास्त भीती बॅटरीवाल्यांच्या सॅम्पलची, इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट तापलं आणि त्यात ओलावा असला की हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतं, ते सेन्सरला खातं. टीजीएवरून कळतं कोणत्या तापमानाला वजन घटायला लागतं, आम्ही त्याच्या बरंच खाली थांबतो. बाकी ॲल्युमिनियमचा पॅन ६६० अंशांना वितळतो, म्हणून ६०० च्या वर आम्ही तो लावूच देत नाही. तुझ्या स्लॉटच्या आधी इंडियमचा (वितळण्याचे आकडे पक्के माहीत असलेला धातू) रन मागून घे, १५६.६ अंशांना पीक सुरू झाला पाहिजे आणि साधारण २८.५ ज्यूल प्रति ग्रॅम आले पाहिजेत, नाहीतर तुझ्या लेटंट हीटच्या आकड्याला आधार काय?

धगधग:
कूलिंगचा कर्व्ह आत्ता बघितला, एक्झोथर्म नाहीये. वापरलेला पॅन लॅबमध्ये जपून ठेवलाय, उद्या त्याचं वजन करते आणि आधीच्या नोंदीशी ताडून बघते. तोवर टीजीए आणि हॉट डिस्कसाठी नाव लावलंय.