जावातलं == : 127 ला खरं, 128 ला खोटं. हे चालवून का घ्यायचं?

घाटमाथा: परवा अख्खी दुपार एका बगमध्ये गेली. जावा या प्रोग्रामिंग भाषेतला कोड. दोन ऑर्डर नंबर, दोन्ही इंटिजर (म्हणजे पूर्णांक ठेवणारा ऑब्जेक्ट, मेमरीतली एक वस्तू), == या 'सारखे का' विचारणाऱ्या खुणेने तपासलेले. टेस्टमध्ये 101, 102 असे आकडे, सगळं हिरवं, म्हणजे पास. खऱ्या डेटावर मात्र 4517 आणि 4517 वेगळे निघाले! जावा -128 ते 127 या आकड्यांचे ऑब्जेक्ट आधीच करून ठेवतं आणि बॉक्सिंग करताना (साधा आकडा ऑब्जेक्टमध्ये घालताना) तेच हातात देतं. त्यापुढे सहसा प्रत्येक वेळी नवा ऑब्जेक्ट. आणि == बघतं ते ऑब्जेक्ट एकच आहे का एवढंच. माझं म्हणणं, == ने किंमतच बघावी. कॉटलिन या भाषेत तसंच आहे, ऑब्जेक्ट तोच का हे विचारायला तिथे === वेगळं आहे.

सीवाला: नाही पटलं. शंभराच्या दोन नोटा किमतीला सारख्या, पण त्यांचे नंबर वेगळे. == विचारतं, ही तीच नोट का? किमतीसाठी इक्वल्स ही मेथड आहे. घोळ केलाय तो जावा 5 पासून गुपचूप होणाऱ्या बॉक्सिंगने. साधा इंट (नुसता आकडा, ऑब्जेक्ट नाही) घेतला असता तर हे झालंच नसतं.

घाटमाथा: डेटाबेसमधला कॉलम रिकामा असू शकतो हो, इंटमध्ये नल (काहीच नाही ही खूण) कुठून ठेवू?

दशांश: आधी किंमत म्हणजे काय ते तरी ठरवा. बिगडेसिमलचे (अचूक दशांश आकड्यांचा प्रकार) 2.0 आणि 2.00 कंपेअरटूला (लहान-मोठं सांगणाऱ्या मेथडला) सारखे, इक्वल्सला वेगळे. लाँगमधल्या (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) 1 ला इंटिजरमधला 1 इक्वल्सने विचारा, खोटंच येतं. हेच == च्या मागे बसवलंत तर माणसं तिथे अडकतील. मी बिलिंगचा कोड लिहितो, मला हे रोज भोवतं.

घाटमाथा: बिगडेसिमलचं मान्य, तो नियम मलाही आवडत नाही. पण तो दोन रुपयांना आणि दोन लाखांना सारखाच लागतो. इथे आकडा मोठा झाला की उत्तर फिरतं, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. नवीन मुलांनी हे कुठल्या तर्काने ओळखावं?

सीवाला: नवीन मुलांचं खरं आहे. तरी == चा अर्थ आता बदलला तर इतक्या वर्षांचा चालू कोड मोडेल, ते मला नको. ऑब्जेक्ट्स.इक्वल्स वापरा, जावा 7 पासून आहे, नल आला तरी फुटत नाही.

घाटमाथा: तेच केलं आज. टेस्टमधले आकडेही 1000 च्या पुढे नेले. लगेच आणखी दोन ठिकाणी लाल झालं.