सायकल टूरच्या आदल्या दिवशी सराफा: जावं की न जावं?

लोकमान्यनगरवाली:
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आम्ही तिघी सायकलवर निघतोय. इंदूर ते महेश्वर, मग मांडू, मग धारवरून घरी. दोघी पुण्याहून येताहेत, शनिवारी सकाळी बसने, सायकली डिकीत. म्हणजे शनिवार अख्खा मोकळा. माझ्या डोक्यात होतं, घरी लोळायचं, गप्पा मारायच्या. त्यांनी यादीच पाठवली: छप्पनला पोहे-जिलबी, राजवाडा, लालबाग, खजराना, रात्री सराफ्याची खाऊगल्ली. वाचूनच माझे गुडघे दुखले.

मी एकदा पोळलेय. गेल्या हिवाळ्यात ओंकारेश्वरला निघायच्या आदल्या रात्री साडेबारापर्यंत सराफ्यात होते. भुट्ट्याचा कीस, गराडू म्हणजे तो तळलेला कंद, वर मावाबाटी. दुसऱ्या दिवशी भेरूघाट मागे पडला तरी गराडू काही मागे पडेना, बडवाहपर्यंत घशाशी. पण सराफ्याला नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने? आणि निघायचं तर पहाटे साडेपाचला. कसं बसवू?

जिरावन_जास्त:
ताई, पुण्याचं माणूस इंदूरला येऊन सराफा न बघता गेलं तर पाप तुम्हाला लागेल. साडेपाचचं खूळ सोडा. डिसेंबरात आपल्याकडे उजाडतंच सातच्या सुमारास. अंधारात ए.बी. रोडवर ट्रकांच्या सोबतीने काय करणार? सातला निघा.

सराफ्यात जायचं ते साडेआठला. सोनारांची शटरं पडत असतात, कढया नुकत्या चढलेल्या असतात, धक्काबुक्की नसते. तिघींत एक कीस, एक दहीवडा, बस. शिकंजी टाळा. आणि पाहुण्यांना आधीच सांगा की आपली शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे, दुधाचं घट्ट प्रकरण आहे. माझा पुण्याचा साडू दोन ग्लास पिऊन आडवा झाला होता. साडेनऊला घरी.

घाटउतार:
खाण्याचं कसंही जमेल. शनिवारचं पहिलं काम सायकली. डिकीत सायकल उजव्या कुशीवर आडवी टाकली आणि वर बॅगा पडल्या की मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा, हँगर वाकतो; हँगर म्हणजे तो भाग फ्रेमला धरणारा छोटा तुकडा. पटकन दिसत नाही. सपाटीवर गिअर नीट पडतात, पण चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलर स्पोकांत जातो, आणि मग तो भाग मांडूच्या वाटेवर कुठे मिळणार? सायकलच्या मागे उकिडवं बसून बघा, डिरेलरची दोन्ही छोटी चाकं कॅसेटखाली, म्हणजे मागच्या चक्र्यांच्या संचाखाली, एका रेषेत उभी दिसली पाहिजेत.

आणि ब्रेक. आपण साधारण साडेपाचशे मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. मानपूरनंतर घाटात पठार संपतं. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडीवर घासणारे, असतील तर दाबून धरून उतरू नका, रिम तापते. दाबा, सोडा, दाबा, सोडा. सामान लादून शनिवारी सकाळी धार रोडने सिरपूर तलावापर्यंत चक्कर मारून या. 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, या दिवसांत पाहुणे पक्षीही असतात. लालबागपेक्षा ते बरं.

मंडलेश्वरची_माहेरवाशीण:
एवढंच सांगते, पाय दुसऱ्या दिवसासाठी राखा. महेश्वर ते मांडू चाळीसेकच किलोमीटर, पण उतरलात तेवढं सगळं पुन्हा चढायचं, थोडं जास्तच. राजवाडा-लालबाग परत आल्यावर बघा गं. आणि महेश्वरला दुपारी तीनपर्यंत पोचा, किल्ल्याखालच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसायला ऊन उतरायच्या आत जागा मिळते.

लोकमान्यनगरवाली:
महेश्वरहून लिहितेय. बस दोन तास उशिरा आली, म्हणून छप्पन रद्द. पोहे घरीच केले, बडीशेप घालून, वर शेव आणि जिरावन मसाला. मैत्रीण म्हणे, पोह्यात बडीशेप? आणि तीनदा घेतले.

घाटउतार दादा, तुमच्या पाया पडते. सिरपूरहून परतताना एकीची चेन सगळ्यात मोठ्या चक्रीवर खरखरायला लागली. मागे बसून बघितलं तर छोटी चाकं तिरकी. घराजवळच्या दुकानात नेली. त्या मुलाने डिरेलर काढला, त्या जागी एक लांब दांडा फिरवून बसवला आणि दांड्याचं टोक रिमपासून किती लांब ते वर, खाली, पुढे, मागे बघत, दर वेळी जरासं वाकवत हँगर सरळ केला. हँगर कडकन मोडेल म्हणून आम्ही श्वास रोखून. त्याच्या आधी दोन गिऱ्हाइकं होती, त्यामुळे दोन तास पायरीवर बसून कचोरी खाल्ली आणि अकरावीपासूनची सगळी उणीदुणी काढली. कॉलेज सुटल्यापासून इतकं निवांत बसलो नव्हतो. राजवाड्याचं नाव कोणी काढलं नाही.

सराफा साडेआठला, घरी पावणेदहा. सातला निघालो. घाटात ट्रकवाल्यांनी जीव खाल्ला, पण ब्रेक शहाण्यासारखे वागले.

गराडू मी खाल्ला नाही. दोन तुकडे सोडून.