भर दुपारच्या उन्हात पोर्ट्रेट: डोळ्यांखालचे काळे खड्डे

चष्मेवाला:
शूटची वेळ १२ ते २, बदलणं शक्य नाही. कपाळ आणि नाकाचा शेंडा जळतो (फोटोत पार पांढरा होतो), डोळे खड्ड्यात जातात. सामान एवढंच: ८५ मिमी एफ/१.८ लेन्स, एक स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश), ११० सेंमीचा फाइव्ह-इन-वन रिफ्लेक्टर (उजेड परतवणारी चकती, कव्हर बदलून पाच प्रकारे वापरायची). फ्लॅश लावला की शटर १/२०० सेकंदाच्या वर जात नाही, आणि एफ/२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र जवळपास पूर्ण उघडं असताना, सगळं पांढरंफटक. काय करावं?

सावलीकर:
फ्लॅश आधी बॅगेत टाका आणि सावली शोधा. झाडाखालची मात्र नको. गालावर एक कवडसा पडला तरी फोटो गेला, एडिटिंगमध्ये तो डाग धड निघत नाही. सलग सावली हवी, त्यातही छपराची उत्तम. छप्पर वरचा उजेड अडवतं, मग समोरून येणारा उजेड थेट डोळ्यांत पोचतो. कडेपासून हात-दीड हात आत उभं करा, तोंड बाहेर उघड्याकडे. नुसत्या भिंतीच्या सावलीत डोक्यावर आकाश असतंच, तिथे हनुवटी जराशी वर घ्यायला सांगा. पायाखाली हिरवळ असली तर हनुवटीखाली हिरवट झाक येते. फिकट फरशी किंवा वाळू बरी. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा समतोल) ७००० केल्विनच्या आसपासून सुरू करा.

तिसरा स्टॉप:
सावलीच नसेल तर रिफ्लेक्टरचं चेनवालं कव्हर काढा. आतलं पांढरं कापड म्हणजे डिफ्युझर, उजेड मऊ करणारा. डोक्यावर अर्ध्या-पाऊण मीटरवर धरा, सूर्याच्या बाजूला कलता. दूर नेला की उजेड पुन्हा कडक होतो. डोकं आणि खांदे पूर्ण त्याच्या सावलीत हवेत. अर्धा खांदा उन्हात राहिला की तोच आधी जळतो. धरायला दुसरा माणूस लागतोच, आणि वाऱ्यात हे कापड शिडासारखं ओढतं.

चांदीची बाजू भर उन्हात विसरा. समोरचा डोळे मिटतो, आणि खालून मारली तर चेहरा भुताटकीचा दिसतो. पांढरी बाजू छातीच्या उंचीवर, थोडी बाजूने.

चष्मेवाला:
डिफ्युझर लावला की चेहरा छान येतो, पण मागचं जळतं.

तिसरा स्टॉप:
जळणारच. कापड साधारण एक स्टॉप खातं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), तेवढं एक्स्पोजर तुम्ही वाढवता, आणि उन्हातली पार्श्वभूमी तेवढीच उजळते. मागे गर्द झाडी किंवा सावलीतली भिंत येईल असं उभं करा.

आकडेमोडे:
आता फ्लॅशचं. स्वच्छ ऊन, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००: एफ/१६ ला १/१००, म्हणजेच एफ/११ ला १/२००. एफ/११ पासून एफ/२ पर्यंत पाच स्टॉप. म्हणून पांढरं होतं, फ्लॅशचा दोष नाही. दोन वाटा आहेत. हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालू देणारी सोय) लावून शटर १/६४०० ला न्या. पण त्यात फ्लॅशचा जोर दोन-तीन स्टॉपने पडतो, छोटा स्पीडलाइट सॉफ्टबॉक्समधून (फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीतून) उन्हाला पुरत नाही. किंवा तीन स्टॉपचा एनडी (लेन्सवरचा, उजेड कमी करणारा काळसर फिल्टर) लावून एफ/४ वर काढा. ८५ ला एफ/४ वरही पार्श्वभूमी पुरेशी विरघळते, एफ/२ चा हट्ट कशाला? एनडीचा स्वतःचा रंग चढतो, म्हणून व्हाइट बॅलन्स तो लावल्यावरच सेट करा.

दोन्ही वाटांत सूर्य समोरच्याच्या पाठीशी ठेवा. लेन्सला हूड (थेट ऊन अडवणारी कड) हवंच. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि स्क्रीनवर लाल चॅनलचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) वेगळा बघा. त्वचेत तोच आधी जळतो, आणि एकत्रित आलेखात ते दिसतही नाही.